सपाट लाट

सुकेशिनी वाघमारे कामगार खात्यात अधिकारी होत्या. सोलापूरहून पहाटेच्या गाडीने निघून त्या थेट पुण्याच्या प्रयोगशाळेत आल्या. चहाला त्यांनी नको म्हटलं, तेव्हाच डॉ. ऋजुता मोडकच्या लक्षात आलं, की या कौतुक करायला आलेल्या नाहीत.

त्यांनी पिशवीतून एक पिवळा टॉवेल काढला आणि टेबलावर ठेवला. टॉवेलच्या कोपऱ्यात दोन उघड्या तळव्यांचं छोटं निळं चिन्ह शिवलेलं होतं. खाली अक्षरं होती : मुक्तहस्त.

"ओळखीचं आहे ना?"

"हो. आमचंच चिन्ह आहे."

"सोमवारी या टॉवेलच्या कारखान्यातून आम्ही एकतीस बायका बाहेर काढल्या. दाराला बाहेरून कुलूप. आधार कार्डं मालकाच्या कपाटात. फोन पहिल्याच दिवशी काढून घेतलेले. सगळ्यांत नवी आठ महिन्यांपूर्वी आलेली, सगळ्यांत जुनी चार वर्षांपूर्वी."

ऋजुताने टॉवेल उलटून चिन्हाची मागची बाजू पाहिली.

"आम्हाला आताही कळलं नसतं," वाघमारे म्हणाल्या. "एकीनं वरच्या खिडकीतून उडी मारली म्हणून कळलं. तेवीस वर्षांची आहे. कमरेखाली काही हलत नाही तिचं. डॉक्टर म्हणतात, हलणारही नाही. मला वरून विचारणा झाली, तुम्ही तिथं तपासणीला का गेला नाहीत? मी सांगितलं, त्या कारखान्याला दोन वर्षांपासून मुक्तहस्त प्रमाणपत्र आहे. आमची माणसं कमी, कारखाने हजारो. ज्यांना तुमचं प्रमाणपत्र आहे तिथं जायचं नाही, असा नियमच झालाय. सही तुमची आहे, मॅडम."

"यंत्र चुकलं असेल."

"असेल. कसं चुकलं ते शुक्रवारी चौकशी समितीपुढं येऊन सांगा." वाघमारे उठल्या. टॉवेल त्यांनी तिथंच ठेवला.

*

लयमापक यंत्र तयार झालं तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला 'कापडाचा साक्षीदार' म्हटलं होतं. कल्पना अवघड नव्हती. माणूस कापडाला हात लावतो तेव्हा घामाचा आणि त्वचेवरच्या तेलाचा अत्यंत सूक्ष्म अंश त्यावर राहतो. धुवून, गुंडाळून, जहाजात घालून सातासमुद्रापार नेलं तरी धाग्यांच्या पिळात तो थोडाफार टिकतो. त्या अंशात तीन गोष्टी वाचता येतात. त्वचेवरचे जिवाणू प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून हे कोणाच्या हाताचे ठसे आहेत ते वेगळं काढता येतं. त्वचेच्या तेलातलं स्क्वालीन हवेत हळूहळू बदलत जातं, त्यावरून स्पर्श दिवसाच्या कोणत्या प्रहरी झाला ते काढता येतं. आणि घामात कॉर्टिसॉल असतं.

कॉर्टिसॉलवरच सगळी भिस्त होती. निरोगी, पुरेशी झोप मिळणाऱ्या माणसात हे संप्रेरक सकाळी उसळतं आणि संध्याकाळपर्यंत उतरत जातं. रोज एक लाट. पण माणसाला महिनोन्महिने सलग झोप मिळाली नाही, कधी उठायचं, कधी बसायचं, कधी बाहेर पडायचं हे त्याच्या हातात राहिलं नाही, की शरीर सकाळची वाट बघायचं सोडून देतं. लाट बसते. सकाळ, दुपार, संध्याकाळ एकाच पातळीवर एक सरळ रेघ. एका गठ्ठ्यातले दोनशे टॉवेल यंत्रात घातले, की त्या कारखान्यातल्या प्रत्येक हाताची लाट पडद्यावर उमटायची. मालक खोटं बोलेल, हजेरीपट खोटा असेल, भीतीपोटी कामगारही खोटं बोलेल. घाम खोटं बोलत नाही, असं ऋजुता व्याख्यानांत सांगायची आणि टाळ्या पडायच्या.

परदेशांतल्या मोठ्या दुकानांनी हे चिन्ह नसलेला माल घेणं थांबवलं. दोन वर्षांत चारशे बारा कारखान्यांनी प्रमाणपत्र घेतलं होतं.

वाघमारे गेल्यावर ऋजुताने तौफिक मुजावरला बोलावलं. तौफिक संख्याशास्त्रज्ञ होता, सोलापूरचा, आणि पहिल्या दिवसापासून या कामात तिच्याबरोबर. टॉवेल बघितल्यावर त्याला काही विचारावं लागलं नाही. बातमी त्याच्या गावचीच होती.

"त्या कारखान्याचे दोन वर्षांपूर्वीचे आकडे काढ," ऋजुता म्हणाली. "कच्चे. दुरुस्तीच्या आधीचे."

तौफिकने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि संगणकाकडे वळला. एकोणतीस हातांच्या एकोणतीस रेघा पडद्यावर आल्या. सगळ्या सपाट. बोटाने आखल्यासारख्या.

"आणि दुरुस्तीनंतर?"

त्याने कळ दाबली. रेघा तशाच राहिल्या, पण त्यांच्यामागची लाल पट्टी खाली सरकली आणि सगळ्या रेघा हिरव्यात गेल्या.

"यंत्र चुकलेलं नाही, मॅडम," तौफिक म्हणाला. "यंत्रानं बरोबर सांगितलं होतं. आपण त्याला गप्प केलं."

*

ही गोष्ट साडेतीन वर्षांपूर्वीची होती.

कोणत्याही यंत्राला आधी शिकवावं लागतं, की नेहमीचं म्हणजे काय. डांबून ठेवलेल्या माणसांच्या हातांचे नमुने होते. एका बंद पडलेल्या गोदामातून सोडवलेल्या लोकांनी ते स्वतःहून दिले होते. त्यांच्या लाटा सपाट होत्या. प्रयोगशाळेतल्या लोकांचेही नमुने होते. त्यांच्या लाटा छान उसळणाऱ्या. पण खुर्चीत बसून काम करणाऱ्यांशी कारखान्यातल्या बाईची तुलना कशी करायची? हवे होते कष्टाचं काम करणारे, पण मुक्त असणारे हात. आणि हवे होते पंधरा दिवसांत, कारण गुंतवणूकदार येणार होते.

"अहो, आपल्या घरात आहेत की," संचालक लिमये म्हणाले होते. "आमच्याकडे चोवीस तास बाई आहे. तुझ्याकडेही आहे. घरच्यासारख्याच असतात. त्यांच्याहून मुक्त कोण?"

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. वरिष्ठांपैकी पाच जणांनी कोरे टॉवेल घरी नेले. त्यांत ऋजुताही होती. ती रायलीबाईंपुढे गठ्ठा ठेवून म्हणाली, "दिवसभरात जमेल तशा घड्या घाला. पंधरा दिवस." रायलीबाई तिच्या आईला सांभाळायला राहत असत. त्यांनी विचारलंही नाही, कशाला म्हणून. आईचं जेवण, औषधं, कपडे यांतून उरलेल्या वेळात त्यांनी टॉवेलांच्या घड्या घातल्या, उलगडल्या, परत घातल्या.

सहावा नमुना तौफिकने आणला होता. त्याच्या फुफीचा, म्हणजे आत्याचा. ती सोलापुरात स्वतःच्या घरी चादरींना काठ शिवायची. दिवसाला दहा-दहा तास. मन होईल तेव्हा उठायची, शेजारणीकडे बसायची, सणाला मशीन झाकून ठेवायची.

सहा नमुने यंत्रात गेले. फुफीची लाट तरण्या पोरीसारखी उसळत होती. बाकी पाच सपाट निघाल्या. त्यांत सगळ्यांत सपाट ऋजुताच्या घरची होती. ती गोदामातल्या लोकांच्या रेघेवर ठेवली तर वेगळी ओळखू आली नसती.

त्या दिवशीचं आपलं बोलणं ऋजुताला आता शब्दन् शब्द आठवत होतं. तौफिक म्हणाला होता, "मॅडम, पाच घरांत जाऊन बघायला हवं." आणि ती म्हणाली होती, "त्यात बघायचंय काय? याचा अर्थ सरळ आहे. अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांची लाट मुळातच सपाट असते. आपली पट्टी चुकतेय."

"आणि माझी फुफी?"

"एका नमुन्यावर काही ठरत नाही, तौफिक. अपवाद म्हणून वगळ."

त्याने वगळला. पट्टी खाली सरकली. अहवालात तिला 'श्रम-दुरुस्ती' असं नाव मिळालं, आणि तिच्याखाली ऋजुताची सही झाली.

*

दुपारी एक वाजता ऋजुता घरी पोचली. एवढ्या लवकर ती कधी येत नसे. रायलीबाई आईला मऊ भात भरवत होत्या. एक घास, मग ओठ पुसणं, मग थोडं थांबणं. आई चार वर्षं अंथरुणावर होती. स्मृती त्याआधीच गेली होती.

रायलीबाई पाडवी नंदुरबारकडच्या, धडगावच्या डोंगरातल्या. वय बावन्न. सहा वर्षांपूर्वी एका माणसाने त्यांना आणून पोचवलं होतं. पगार त्याच्याच हातून घरी जायचा, कारण सुरुवातीला तसं ठरलं होतं आणि नंतर ते बदलायचं राहून गेलं होतं.

भात संपेपर्यंत ऋजुता दारात उभी राहिली. मग म्हणाली, "रायलीबाई, जरा बसता?"

त्या जमिनीवर बसल्या. ऋजुता खुर्चीत बसायला गेली, आणि उठून त्यांच्यासमोर खाली बसली. त्यामुळे दोघींनाही अवघडल्यासारखं झालं.

"तुम्ही घरी शेवटच्या कधी गेलात?"

"सासू गेली तेव्हा. चार दिवस."

"त्याला किती वर्षं झाली?"

"पाच झाली असतील. इथं आले त्याच्या पुढच्या साली."

"त्यानंतर नाहीच?"

"पोरीच्या लग्नाला विचारलं होतं मी. तुम्ही म्हणाल्या, आजींचं ऑपरेशन आहे, आता नको. मग साडी दिली." त्यांनी आईच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. "साडी पोचली होती. पोरीनं नेसली."

ऋजुताला ती साडी आठवत होती. किती मायेने घेतली होती! मैत्रिणींना दाखवलीसुद्धा होती.

"तुम्ही मला परत कधी म्हणाला नाहीत, जायचंय म्हणून."

"म्हटलं ना ताई. दोनदा म्हटलं. तुम्ही म्हणाल्या, तुम्ही गेल्यावर आईचं कोण करणार?"

"मग?"

"मग काय. खरंच, कोण करणार होतं?"

हे त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं. सकाळचं दूध नासलं म्हणून सांगावं, तशा त्या बोलत होत्या. ऋजुताने नकळत दरवाजाकडे पाहिलं. दाराला बोटाच्या ठशाने आणि फोनवरून उघडणारं कुलूप होतं. आई हिंडतीफिरती असताना एकदा रस्त्यावर निघून गेली, म्हणून ते बसवलं होतं. त्यानंतर वर्षभरात आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती कधी उठलीच नाही. कुलूप राहिलं. त्यात ठसा एकटीचा, ऋजुताचा. सुरुवातीला रायलीबाई प्रयोगशाळेत फोन करून म्हणायच्या, "ताई, दार उघडा, कोथिंबीर आणते." बैठका चालू असायच्या. मग ऋजुता भाजी घरपोच मागवू लागली. तिला वाटलं होतं, तेवढीच रायलीबाईंची पायपीट वाचली.

कारखान्यांच्या तपासणीचा नमुना अर्ज ऋजुतानेच लिहिला होता. त्यातला पहिला प्रश्न होता : कामगाराला कुणाच्याही परवानगीशिवाय दाराबाहेर जाता येतं का?

ती उठली. आपल्या खोलीतल्या कपाटाच्या खणातून रायलीबाईंचं आधार कार्ड आणि बँकेचं पुस्तक काढून आणलं. 'हरवायला नको' म्हणून ठेवलेलं. आईच्या विम्याच्या कागदांत ते एकाच पाकिटात होतं. ते तिने रायलीबाईंच्या हातात दिलं. मग त्यांना दाराशी नेलं, फोनमध्ये काहीबाही दाबलं आणि म्हणाली, "इथं बोट ठेवा."

रायलीबाईंनी बोट ठेवलं. कुलूप उघडलं. त्यांनी दार लावलं, परत बोट ठेवलं, परत उघडलं. मग चपला घातल्या आणि जिना उतरून गेल्या.

ऋजुताला वाटलं, येतील पाच मिनिटांत. अर्धा तास झाला. आईने कपडे खराब केले. ऋजुताने शोधाशोध केली, पण स्वच्छ चादरी कुठल्या कप्प्यात असतात ते तिला ठाऊक नव्हतं. आईला एका हाताने कसं वळवायचं आणि दुसऱ्या हाताने खालचं कसं काढायचं हेही येईना. आई ओरडू लागली. ऋजुताने कसंबसं पुसलं, चुरगळलेली चादर अंथरली, आणि हात धुताना तिला रडू यायला लागलं. मग तिला रडण्याचीही लाज वाटली.

रायलीबाई दोन तासांनी आल्या.

"कुठं होता?" ऋजुताच्या तोंडून निघून गेलं. लगेच ती म्हणाली, "नाही, सांगायची गरज नाही."

"खाली. बाकावर बसले होते," रायलीबाई म्हणाल्या. चादर बघून त्यांनी ती काढली आणि नीट ताणून परत घातली.

*

गुरुवारी लिमयेंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी निवेदन तयार ठेवलं होतं. आकडे मोजण्याच्या प्रणालीत तांत्रिक त्रुटी आढळली असून ती तातडीने दुरुस्त करण्यात येत आहे. सगळं मिळून सहा ओळी.

"वाचून बघ. यात खोटं काही नाही," ते म्हणाले.

"पाच घरांचं काय लिहायचं?"

"घरांचं कशाला लिहायचं?" लिमये हसले, पण हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "ऋजुता, सरूबाईला आमच्या हिनं स्वतःच्या हातानं सोन्याच्या कुड्या केल्यात. तिला आम्ही कधी वेगळं ताट दिलं नाही. आणि तू तिला त्या कुलपातल्या बायकांच्या शेजारी नेऊन बसवणार?"

"मी नाही बसवलं, सर. ती होतीच तिथं. आपल्या यंत्रानं दाखवलं होतं."

"मग तुझ्या घरी आहे तिला महिनाभर सुट्टी दे. हवं तर माफी माग. घरातली गोष्ट घरात मिटव. चारशे कारखान्यांत चाळीस हजार लोक कामाला आहेत. प्रमाणपत्रं रद्द झाली तर उद्या माल उठणार नाही. त्यांच्या चुली तू पेटवणार आहेस?"

हा प्रश्न खोटा नव्हता, आणि म्हणूनच ऋजुता ते निवेदन घेऊन आपल्या खोलीत आली. खरं सांगायचं, तर तिने ते संगणकावर उघडलं, दोन शब्द सुधारले आणि खाली आपलं नाव घातलं. पाठवायचंच राहिलं होतं. तौफिक दारात उभा होता.

"हे तुम्ही देणार असाल, तर मी अडवणार नाही," तो म्हणाला. "मला बोलायला तोंड नाही. फुफीचा आकडा मीच माझ्या हातानं पुसला होता. घरी जाऊन तिला सांगितलंही होतं, तुझा नमुना बाद झाला म्हणून. ती हसली होती. म्हणाली, मी काय यंत्राला बरी दिसले नाही का?"

तो गेला. ऋजुताने आपलं नाव खोडलं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने रायलीबाईंना सगळं सांगितलं. टॉवेल कशाला होते, त्यातून काय निघालं, तेव्हा आपण काय म्हणालो होतो, सोलापूरच्या त्या मुलीचं काय झालं. रायलीबाई ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हाताला कळत होतं?"

"हो."

"आणि तुमच्या यंत्राला पण कळलं होतं?"

"हो."

त्यांनी आपले तळवे उलटून पाहिले. "ती पोरगी चालेल का परत?"

"नाही."

रायलीबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथून म्हणाल्या, "तिथं सांगाल तेव्हा माझं नाव घेऊ नका. गावात पेपर येतो. मला कुणी बिचारी म्हणायला नको."

*

शुक्रवारी ऋजुता समितीपुढे पाऊण तास बोलली. पट्टी कशी सरकवली, कोणते नमुने धरले, कोणता वगळला, हे तिने आकड्यांसह मांडलं. एका सदस्याने विचारलं, "हे पाच नमुने कुठून आले होते?"

"आमच्या घरांतून," ती म्हणाली. "इतरांच्या घराबद्दल त्यांनी बोलावं. माझ्या घरात एक बाई पाच वर्षं कुलपात होती. तिची कागदपत्रं माझ्या कपाटात होती. सहा वर्षांत तिला मी चार दिवसांपलीकडे सुट्टी दिली नव्हती. ती मुक्त आहे असं मी धरून चालले, आणि तिची अवस्था हेच माणसाचं नेहमीचं असणं, असं यंत्राला शिकवलं. त्या मापानं सोलापूरचा कारखाना निर्दोष ठरला."

मागच्या बाकावर वाघमारे बसल्या होत्या. त्या लिहीत होत्या. शेवटच्या वाक्याला त्यांनी वर पाहिलं नाही.

श्रम-दुरुस्ती काढून जुने सगळे आकडे पुन्हा मोजले गेले. चारशे बारापैकी सत्तावन्न कारखाने लाल निघाले. त्यांतल्या अडतीस ठिकाणांहून महिन्याभरात माणसं बाहेर आली. काही ठिकाणी माणसं आधीच हलवली गेली होती. लिमये म्हणाले होते तेही झालं. निर्दोष असलेल्या कारखान्यांचाही माल पडून राहिला, आणि तिथल्या बायकांनी प्रयोगशाळेपुढे घोषणा दिल्या. ऋजुताला त्यांच्यासमोरून जावं लागायचं. पुढे तिला प्रयोगशाळेतलं पद सोडावं लागलं, तेव्हा जाण्याचा प्रश्न मिटला. लिमयेंच्या घरची सरूबाई कुठे गेली, ते कुणी सांगितलं नाही.

एकदा ती सोलापूरच्या रुग्णालयातही गेली. त्या मुलीच्या आईने दारातच विचारलं, "तुम्ही कोण?" ऋजुताने नाव सांगितलं, काम सांगितलं. त्या बाईने शांतपणे दार लावून घेतलं.

*

रायलीबाईंनी तीन आठवडे थांबायचं कबूल केलं होतं. "आजींसाठी," त्या म्हणाल्या होत्या. त्या दिवसांत त्यांनी ऋजुताला आईला वळवायचं, भरवायचं, चादर बदलायची शिकवलं. दर दुपारी त्या बाहेर जायच्या. कुठे, ते ऋजुताने विचारलं नाही.

जायच्या दिवशी ऋजुता त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेली. शहाद्याच्या गाडीला वेळ होता. दोघी बाकावर बसल्या.

"ताई, एक कागद पाहिजे," रायलीबाई म्हणाल्या. "सहा वर्षं कुठं होते, विचारतील लोक. आणणारा माणूस म्हणेल, पळून आली. शहाद्याला दवाखान्यात काम मिळेल म्हणतात, तिथंही विचारतील. तुमच्या सहीचा कागद द्या."

ऋजुताने पर्समधून वही काढली आणि लिहायला बसली. लिहिता लिहिता तिचं पान भरलं. मी रायलीबाई पाडवी यांना सहा वर्षांत चार दिवसांपलीकडे सुट्टी दिली नाही. त्यांना बाहेर जाऊ दिलं नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाला जाऊ दिलं नाही. याबद्दल मी पूर्णपणे दोषी आहे. खाली सही करून तिने पान फाडून दिलं. खूप दिवसांनी तिला थोडं हलकं वाटलं.

रायलीबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या. बोट ठेवून त्या एकेक शब्द वाचत गेल्या. पान संपल्यावर त्यांनी ते परत केलं.

"हे सगळं तुमचंच आहे, ताई."

"म्हणजे?"

"तुम्ही काय केलं, काय नाही केलं, ते आहे. मी काय केलं ते कुठाय?"

ऋजुताचे कान तापले.

"दुसरं लिहा," रायलीबाई म्हणाल्या. "मी सांगते."

तिने नवं पान घेतलं.

"लिहा. आजी चार वर्षं अंथरुणात होत्या, त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, होणारच. झाली नाही. लिहिलं?"

"लिहिलं."

"गोळ्या एकदा पण चुकल्या नाहीत. सकाळी पाच, रात्री चार. त्यांना गिळायला जमेना, तेव्हा भातात कुस्करून कशी द्यायची ते मी काढलं. नर्सबाईंनी माझ्याकडून शिकून घेतलं. रात्री किती वेळा उठत होते तेही लिहा."

"किती वेळा?"

"चार. थंडीत पाच."

ऋजुताची लेखणी थांबली. भिंतीपलीकडच्या खोलीत सहा वर्षं ती झोपत होती, आणि हा आकडा ती आज पहिल्यांदा ऐकत होती. तिने लिहिलं, चार, थंडीत पाच.

"कामाचं नाव काय घालू?" तिने विचारलं.

रायलीबाईंनी थोडा विचार केला. "नाव नको. लिहा, सांभाळलं. आणि शेवटी लिहा, आपल्या मर्जीनं गेली."

ऋजुताने ते लिहून सही केली, तारीख घातली. रायलीबाईंनी ते पुन्हा बोट ठेवून पहिल्यापासून वाचलं. एका ठिकाणी 'पाठीला'चा काना सुटला होता, तो त्यांनी दाखवून लावून घेतला. मग कागद पिशवीत ठेवला.

गाडी लागली. खिडकीची जागा धरायला लोक धावले. रायलीबाई पिशवी उचलून निघाल्या, पायरीवर पाय ठेवून मागे वळल्या.

"आजींजवळ कोण आहे आता?"

"तौफिकची बायको. चारपर्यंत."

"मग निघा तुम्ही. चारला कूस बदलायची असते."

त्या आत चढल्या. ऋजुता गाडी सुटेपर्यंत थांबली नाही. रिक्षात बसल्यावर तिने आठवायचा प्रयत्न केला, पण निघताना आपण आईला कोणत्या कुशीवर निजवून आलो, ते काही केल्या तिला आठवेना.